धडधाकट मोतीला दवाखान्यात कामून न्यायचं?

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी सेलू तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरी शेती आहे, दोन बैल, एक म्हैस. मोती हा गावठी कुत्रा साडेचार वर्षांचा आणि मुलीनं उचलून आणलेली मनी दीड वर्षाची. दिवाळीच्या सुमारास मोतीनं खाणं सोडलं. आम्हाला वाटलं, कुठं तरी खरकटं खाऊन पोट बिघडलं असेल. चौथ्या दिवशी नाकातून रक्त यायला लागलं, तेव्हा मिस्टर त्याला परभणीला घेऊन गेले. गोचीड ताप निघाला. महिनाभर गोळ्या चालल्या, आता तो पहिल्यासारखा पळतो. तिथल्या डॉक्टरांनी बजावलंय की आजारी नसला तरी वर्षातून एकदा तपासायला आणा, मांजरालाही आणा.

आमचे मामा (सासरे) म्हणतात, "चांगलं धडधाकट जनावर कामून दवाखान्यात न्यायलीस? बैलाची गोष्ट वेगळी. कुत्र्या-मांजराचं आपलं आपण बरं होतंय." मिस्टर काहीच बोलत नाहीत. खरंच दरवर्षी न्यायची गरज असते का? आजार नसताना डॉक्टर नेमकं बघतात काय? आमच्या गावाजवळचे सरकारी डॉक्टर गुरांचेच आहेत, ते चालतील का? मनीला हात लावला तरी ओरबाडते, तिला न्यायचं कसं? मोतीला पिल्लू असताना रेबीजचं एक इंजेक्शन दिलं होतं, कार्ड सापडत नाही. मनीला आजपर्यंत एकही नाही. आणखी एक, मामा माळकरी आहेत, घरात मांस-मच्छी येत नाही. दोघंही दूध-भाकरीवर आहेत. चालतं ना?

— एक भगिनी, सेलू तालुका

ताई, नमस्कार.

मोती वाचला याचा फार आनंद झाला. नाकातून रक्त यायला लागल्यावर आणलेलं प्रत्येक कुत्रं वाचतंच असं नाही. रक्त दिसल्यावर मिस्टरांनी झाडपाल्यात आणखी दोन दिवस घालवले नाहीत, म्हणून तो आज अंगणात पळतोय.

मामांचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. शेतकऱ्याच्या घरात पैसा कुठं जातो हे विचारायलाच पाहिजे. पण त्यांना एक विचारून बघा. मृग लागायच्या आधी बैलांना घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घेतात, तेव्हा बैल आजारी असतात का? पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना मामांचा हात बैलाच्या खांद्यावरून फिरतो. कुठं सूज आहे, कुठं जू घासलंय, कुठं बैल हात लावू देत नाही, हे त्यांच्या बोटांना लगेच कळतं. खूर उचलून बघतात, शिंगं तासताना डोळे-कान बघतात. हीच तपासणी. मामा ती आयुष्यभर करत आलेत. मोती आणि मनीच्या वाट्याला ती आली नाही, एवढंच.

आता "आपलं आपण बरं होतंय" याबद्दल. हे मी रोज ऐकते, आणि मोतीच्याच आजारावरून त्याचं उत्तर देते, कारण गोचीड तापाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

गोचीड चावते, रक्त पिते आणि त्या वेळी एर्लिचिया नावाचा जंतू कुत्र्याच्या रक्तात सोडते. एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, कुत्रं मलूल होतं, दोन-चार दिवस खात नाही. मग बऱ्याचदा ताप आपोआप उतरतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं. पण जंतू गेलेला नसतो. तो प्लीहेत, अस्थिमज्जेत दडून बसतो, कधी काही महिने तर कधी काही वर्षं. कुत्रं खातं, भुंकतं, राखण करतं आणि आतल्या आत रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी होत राहतात. एक दिवस नाकातून रक्त येतं आणि आपण म्हणतो, काल-परवापर्यंत तर चांगला होता. मोतीला जंतू दिवाळीतच लागला असेल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. कदाचित गेल्या पावसाळ्यात तो दोन दिवस सुस्त होता आणि तुमच्या लक्षातही राहिलं नाही, तेव्हापासूनचं हे असेल. त्या मधल्या काळात कोणी त्याचा ओठ वर करून हिरडी पाहिली असती, जबड्याखालच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी चाचपल्या असत्या, थोडं रक्त तपासलं असतं, तर हा आजार रक्त यायच्या कितीतरी आधी हाती लागण्याची चांगली शक्यता होती. बैल गेला अन् झोपा केला ही म्हण मामांना मी सांगायची गरज नाही.

कुत्रं आणि मांजर दुखणं लपवतात, हे लक्षात असू द्या. मांजर तर फारच. किडनी निम्म्याहून जास्त निकामी होईपर्यंत मांजराच्या वागण्यात फारसा फरक दिसत नाही. थोडं पाणी जास्त पितं, थोडं वजन उतरतं, आणि आपण म्हणतो, उन्हाळा आहे, वय झालं.

तपासणीत डॉक्टर काय बघतात, ते नीट सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीही सोबत बघाल आणि काही राहून गेलं तर विचाराल. सुरुवात वजनापासून. चार किलोच्या मांजराचं वजन ४०० ग्रॅमनं उतरलं तर डोळ्यांना कळत नाही, पण तो त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा असतो. साठ किलोचा माणूस सहा किलोनं उतरला तर घरात काळजी सुरू होईल की नाही? मग ताप. कुत्र्या-मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. नाक कोरडं म्हणजे ताप, हे खरं नाही. ताप गुदद्वारात थर्मामीटर लावूनच कळतो. नंतर ओठ वर करून हिरडीवर बोट दाबतात. दाबलेली जागा पांढरी होते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी फिकट असेल तर रक्त कमी, पिवळी असेल तर कावीळ, आणि तिच्यावर लाल टिपके असतील तर प्लेटलेटची शंका. तोंड उघडलंच आहे तर दात. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, मांजराला ३०. दाढांवर पिवळं-तपकिरी कीटण साचलं की हिरड्या सुजतात, तोंडाला वास येतो, आणि जनावर एका बाजूनं चावायला लागतं.

त्यानंतर कान उलटून बघतात, वास घेतात. डोळ्यांची खालची पापणी खाली ओढतात. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून दुसऱ्या हातानं मांडीच्या आतली नाडी धरतात, हृदयाचा प्रत्येक ठोका तिथंपर्यंत पोचतोय का ते बघायला. पोट दोन्ही हातांनी दाबून प्लीहा, मूत्राशय, आतडी चाचपतात. सांधे वाकवून बघतात. पायांच्या बोटांमध्ये, कानांच्या पाळीखाली, शेपटीच्या मुळाशी गोचिडी आणि पिसवा शोधतात. मादी असेल तर सडांवरून हात फिरवतात, वाटाण्याएवढी गाठही बोटाला लागते. हे सगळं नीट केलं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. कोणी डॉक्टर हात न लावता नुसतंच इंजेक्शन देऊन मोकळे झाले, तर "साहेब, एकदा तपासून बघता का?" असं विचारायला अजिबात लाजू नका.

जाताना सकाळची ताजी शी बोराएवढी, झाकणाच्या स्वच्छ डबीत घेऊन जा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात, मग कोणतं औषध द्यायचं ते नक्की करता येतं. तुमच्या घरात मुलगी आहे, म्हणून हे विशेष सांगते. कुत्र्याच्या गोल जंतांची अंडी मातीत राहतात आणि मातीत खेळून तसाच हात तोंडात घालणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. मोठ्या कुत्र्या-मांजराला दर तीन महिन्यांनी वजनाप्रमाणे जंताचं औषध द्यावं. शेपटीखाली तांदळासारखे पांढरे तुकडे चिकटलेले दिसले तर तो पट्टकृमी, आणि तो पिसवांमधून येतो. तिथं औषधासोबत पिसवाही घालवाव्या लागतात.

किती वेळा न्यायचं? धडधाकट जनावर वर्षातून एकदा. वय सात-आठच्या पुढं गेलं की सहा महिन्यांनी. पिल्लू घरात आलं तर पहिले चार महिने दर तीन-चार आठवड्यांनी, कारण लसींची मालिका तशीच असते. मोतीला मात्र आत्ता एकदा न्या. गोळ्यांचा कोर्स संपला म्हणजे रक्त पूर्ववत झालंच असं नाही. प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन परत मोजून घ्या, आधीचा रिपोर्ट सोबत ठेवा. त्यानंतर वर्षाची तारीख तुमच्या सोयीनं धरा. मला विचाराल तर बैलांना घटसर्पाची लस टोचतात त्याच आठवड्यात. घरात ती तारीख कोणी विसरत नाही, आणि पावसाळी दमटपणात गोचिडी वाढायच्या आधी मोती तपासून होईल.

आता रेबीज. यात मी कुठलीही सूट देणार नाही. पिल्लू असताना दिलेल्या एका इंजेक्शनवर मोती आज सुरक्षित नाही. मनीला तर काहीच दिलेलं नाही, आणि मांजरालाही रेबीज होतो, मांजराकडूनही तो माणसाला होतो. लक्षणं दिसायला लागल्यावर या आजारातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लुई पाश्चर यांनी १८८५ साली पहिल्यांदा एका मुलाला लस टोचली. आज ती प्रत्येक तालुक्याला मिळते, आणि तरीही आपल्याकडे माणसं या आजारानं मरतात, हे मला सहन होत नाही. कार्ड हरवलंय, तर काहीच दिलं नाही असं धरून चला. दोघांना आत्ता डोस, डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, आणि मग दरवर्षी. गोळ्या सुरू असताना किंवा अंगात ताप असताना लस देत नाहीत, म्हणून मोतीच्या रक्ताचा रिपोर्ट आधी आणि लस नंतर.

आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरबाडलं, मग ते स्वतःचं लस दिलेलं का असेना, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. मिरची, चुना, हळद, तंबाखू काहीही लावायचं नाही. धुऊन झाल्यावर थेट सरकारी दवाखाना. माणसांची रेबीजची लस तिथं मोफत मिळते. ठरलेले सगळे डोस पूर्ण करायचे, दोन घेऊन सोडायचे नाहीत.

रेबीजशिवाय कुत्र्याला डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ, लेप्टो या आजारांची एकत्रित लस असते. मांजराला वेगळी, तिच्यात मांजरांचा तो भयंकर हगवणीचा आजार आणि दोन प्रकारची सर्दी येते. मनीला पहिल्यांदाच देताय, म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतील. लस घेतल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या आवारातच थांबा. क्वचित एखाद्या जनावराचं तोंड सुजतं, उलटी होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, तेव्हा डॉक्टर समोर असलेले बरे.

गावाजवळचे डॉक्टर गुरांचे आहेत, म्हणून त्यांना टाळू नका. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते आणि त्यात गाय-बैलासोबत कुत्रं-मांजरही शिकावं लागतं. पशुधन विकास अधिकारी पदवीधरच असतात. वर्षाची तपासणी, रेबीजची लस, जंताचं औषध हे त्यांच्याकडे नक्की होऊ शकतं. फक्त आधी फोन करून विचारा, कुत्र्याची लस ठेवता का, कोणत्या दिवशी येऊ. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली तरच तिचा उपयोग. आपल्याकडे लाइट किती वेळ जाते हे तुम्हाला सांगायला नको. लस फ्रीजमधून काढून समोर भरतात का, तारीख उलटलेली नाही ना, हे बघा, आणि बाटलीवरचं स्टिकर कार्डवर चिकटवून घ्या. गावोगाव फिरून लस टोचणाऱ्या, पदवी नसलेल्या माणसाकडून खिशातली बाटली टोचून घेऊ नका. ते कार्ड बैलांच्या कागदांसोबत ठेवलं तर हरवणार नाही. मोबाइलमध्ये त्याचा फोटोही काढून ठेवा.

रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी लागली तर तुमच्यापासून परभणी जवळच आहे. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासूनचं आहे. लातूर-नांदेडकडच्या वाचकांना १९८७ पासूनचं उदगीरचं महाविद्यालय जवळ पडेल. दोन्हीकडे शिकणारी मुलं असतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो. पण एकाच जनावराला आधी विद्यार्थी आणि मग प्राध्यापक तपासतात, आणि मला तो फायदा वेळेपेक्षा मोठा वाटतो. सकाळी लवकर पोचा.

त्या बाजूच्या वाचकांसाठी थोडं विषयांतर. तुमच्याकडे कारवान किंवा पश्मी जातीचं कुत्रं असेल तर त्याच्या फासळ्या दिसतात म्हणून घाबरून खाणं-पिणं वाढवू नका, ही कुत्री बांध्यानंच सडपातळ असतात. पण ऑपरेशनसाठी भूल द्यायची वेळ आली तर "हा कारवान आहे" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अंगात चरबी कमी असल्यानं काही भुलीची औषधं या कुत्र्यांच्या अंगातून लवकर उतरत नाहीत.

मनीला नेण्यासाठी महागडा पिंजरा नको. भाजीचे दोन प्लास्टिकचे कॅरेट घ्या, एकावर एक पालथं ठेवून एका बाजूनं सुतळीनं पक्कं बांधा, म्हणजे झाकण उघडतं-मिटतं. तिच्या अंगाखालचं जुनं फडकं आत टाका आणि आठ-दहा दिवस ते घरातच कोपऱ्यात उघडं राहू द्या. खायचंही तिथंच घाला. ती आपण होऊन आत बसायला लागली की अर्धं काम झालं. जायच्या दिवशी सकाळी खायला देऊ नका, प्रवासात उलटी होते. झाकण बांधा, वरून चादर टाका. अंधारात मांजर शांत राहतं. दवाखान्यात कुत्र्यांच्या रांगेत जमिनीवर ठेवू नका, बाकड्यावर किंवा मांडीवर उंच धरा. मोटारसायकलवर मांडीवर घेऊन किंवा पोत्यात घालून मात्र कधीही नेऊ नका. घाबरलेलं मांजर रस्त्यात सुटलं की सापडत नाही, आणि पोत्यात ते गुदमरतं. मोतीला साखळी आणि मुसकं, एवढं पुरे. मुसकं बांधणं म्हणजे त्याला शिक्षा नाही. दुखऱ्या जागी हात लागला की गरीब कुत्रंही चावतं. धापा टाकत असेल तेव्हा मात्र बांधू नका.

तुम्ही विचारलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण यात मांजरं हकनाक मरतात. मोतीच्या गोचिडी घालवायला गोठ्यातलं औषध वापरलं का? म्हशीच्या पाठीवर ओततात ती औषधं मांजराच्या अंगावर एक थेंबही पडता कामा नयेत. त्यातली बरीच औषधं मांजराच्या यकृताला फोडता येत नाहीत. मांजर थरथरायला लागतं, झटके येतात, काही तासांत जातं. कुत्र्याला ते औषध लावलं आणि मांजर त्याच्या कुशीत झोपलं, तरी हा धोका असतो. तीच गोष्ट पॅरासिटामॉलची. माणसाची तापाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. कुत्र्यालाही घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. आणि बैलांना देतात ते जंत-गोचिडीचं इंजेक्शन "थोडंसं" अंदाजानं टोचून घेऊ नका. कुत्र्याचा डोस वजनावर, थेंबाथेंबानं मोजायचा असतो.

कुत्र्यासाठी असलेलं गोचिडीचं औषध डॉक्टरांकडून घ्या आणि सोबत जागाही साफ करा. कुत्र्याची गोचीड पोट भरल्यावर खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दगडांच्या सांध्यात, पत्र्याखाली हजारो अंडी घालते. मोती जिथं झोपतो तिथल्या फटी बुजवा, पोती जाळून टाका किंवा कडक उन्हात घाला. अंगावरची गोचीड बोटानं चिरडू नका. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि रॉकेलच्या डबीत टाका.

दूध-भाकरीचं. मामांच्या माळेचा मान ठेवूनच बोलते. कुत्र्याचं त्यात भागवता येतं, पण नुसत्या दूध-भाकरीवर नाही. वरण, शिजवलेली मूग-मसूर, दही, चालत असेल तर अंडं, असं घालायला हवं. कांदा-लसणाची फोडणी घातलेलं काही देऊ नका, दोन्ही त्याच्या रक्ताला विष आहेत. मनुका-द्राक्षंही नकोत. मांजराचं मात्र शाकाहारावर भागत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला प्राण्यांच्या मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की हृदय कमकुवत होतं आणि नजर जाते. मनी सध्या उंदरांवर भागवत असणार, पण उंदीर रोज मिळतीलच असं नाही, शिवाय त्यांनी विष खाल्लेलं असू शकतं. मांजराचं तयार कोरडं खाद्य पिशवीत मिळतं. ते स्वयंपाकघरात न आणता ओसरीवर, वेगळ्या वाटीत घालता येईल. मामांना हे सांगताना एवढंच सांगा की देवानं मांजराचं पोटच तसं घडवलंय. मला खात्री आहे, ते समजून घेतील. दूध थोडं दिलं तर चालतं, पण मोठ्या मांजराला ते पचतंच असं नाही. शी पातळ होत असेल तर बंद करा.

मनीची नसबंदी तपासणीच्या वेळीच विचारून घ्या. मांजर पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकतं, आणि दोन महिन्यांत पुढची पिल्लं दारात येतात. मोती रात्रभर गावात फिरत असेल तर त्याचीही करा. भांडणातल्या जखमा आणि संगातून लागणाऱ्या गाठी दोन्ही कमी होतील.

दोन तपासण्यांच्या मधे घरी महिन्यातून एकदा तुम्हीच बघत जा. मोतीला धान्याच्या काट्यावर उभं करा. उभा राहत नसेल तर मिस्टरांना त्याला उचलून उभं राहू द्या आणि त्यांचं वजन वजा करा. हिरड्या बघा, अंगावरून उलटा हात फिरवा, बोटांच्या फटी बघा. झोपेत असताना मिनिटात किती वेळा छाती वर येते ते मोजा. तीसच्या खाली असायला हवं. हे आकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवा. डॉक्टरांना "बरेच दिवस झाले, खात नाही" असं सांगण्यापेक्षा "दोन महिन्यांत दीड किलो उतरला" हे सांगणं फार उपयोगाचं असतं.

आणि काही गोष्टींना तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच तासाला निघायचं. फवारणीच्या दिवसांत शेतातून आलेला मोती लाळ गाळत, थरथरत असेल. उंदराचं विष खाल्ल्याची शंका असेल, मग तो वरून ठणठणीत का दिसेना, कारण त्यातल्या काही विषांनी रक्तस्राव दोन-तीन दिवसांनी सुरू होतो. दोन्ही वेळी औषधाची बाटली किंवा पुडी सोबत न्या आणि मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या मागे लागू नका. साप चावला तर घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, चालवू नका, उचलून न्या. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यावर माणसांसाठी असलेलं प्रतिविष कुत्र्यांनाही देतात आणि लवकर मिळालं तर ते वाचतात. मेच्या उन्हात, पारा ४२-४३ च्या घरात असताना मोती जोरजोरात धापा टाकत लडखडायला लागला, तर सावलीत घेऊन साध्या पाण्यानं पोट, जांघा, पाय भिजवा, पंखा लावा आणि ओल्या अंगानंच दवाखान्यात न्या. बर्फाचं पाणी नको. मनीनं चोवीस तास काही खाल्लं नाही किंवा ती लघवीला बसून बसून उठतेय पण होत नाही, तरी थांबू नका. आणि मोतीच्या नाकातून, हिरडीतून किंवा शीतून पुन्हा रक्त दिसलं, तर चौथा दिवस उजाडू देऊ नका. मागचा रिपोर्ट पिशवीत घाला आणि पहिल्याच दिवशी परभणीला जा.